पोकेमॉन कार्डांच्या पुढच्या सेटमध्ये काय येणार? अंदाज बांधणाऱ्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण डोंबिवलीत एका मित्राच्या गच्चीवर पोकेमॉनची कार्डं घेऊन जमतो. डाव होतात दोन-तीन. बाकीचा वेळ अजून बाजारात न आलेल्या सेटवर, म्हणजे एका नावाखाली एकत्र येणाऱ्या नव्या कार्डांच्या संचावर, भांडण्यात जातो. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ हे कोणी ना कोणी दर आठवड्याला म्हणतंच, आणि मग तोच सगळ्यात जोरात भांडतो. नवीन येणारी मंडळी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

अंदाज बांधायचा तरी कशाच्या जोरावर? कंपनी आधी काही सांगतच नाही ना?

सांगते की. फक्त जपानीत सांगते.

हा खेळ मुळात जपानचा. तिथे पहिली कार्डं २० ऑक्टोबर १९९६ला आली. इंग्रजी बेस सेट यायला ९ जानेवारी १९९९ उजाडलं, म्हणजे सव्वादोन वर्षं मध्ये गेली. आता हे अंतर आठवड्यांवर आलंय, पण क्रम तोच आहे: आधी जपानी सेट, मग इंग्रजी. त्यामुळे इंग्रजी सेटमधली बहुतेक कार्डं जपानच्या दुकानांत आधीच फोडून झालेली असतात. आपण ज्याला भविष्य म्हणतो ते तिथे गेल्या महिन्याचं वर्तमानपत्र असतं.

म्हणून माझं मत असं, की या प्रकारात ज्योतिष थोडं आणि हिशेब फार. हिशेब कुठे संपतो आणि आपली इच्छा कुठे सुरू होते, एवढं ओळखता आलं की झालं.

जपानी सेट आल्यावर इंग्रजी सेट किती दिवसांनी येतो?

“साधारण दोन महिने” असं उत्तर सगळीकडे मिळतं. अर्धं खरं आहे. प्रत्यक्ष तारखाच बघा.

‘वाइल्ड फोर्स’ आणि ‘सायबर जज’ हे जपानी जोडसेट २६ जानेवारी २०२४ला आले, इंग्रजी ‘टेम्पोरल फोर्सेस’ २२ मार्चला. बरोबर आठ आठवडे. ‘स्टेला मिरॅकल’ १९ जुलै २०२४ला, ‘स्टेलर क्राउन’ १३ सप्टेंबरला. पुन्हा आठ. ‘मेगा ब्रेव्ह’ आणि ‘मेगा सिम्फोनिया’ १ ऑगस्ट २०२५ला, इंग्रजी ‘मेगा इव्होल्यूशन’ २६ सप्टेंबरला. परत आठ. इथवर वाचून माणूस खूश होतो आणि कॅलेंडरवर खुणा करायला घेतो.

आता पुढचं. ‘बॅटल पार्टनर्स’ ते ‘जर्नी टुगेदर’ नऊ आठवडे. रॉकेट टोळीच्या सेटपासून ‘डेस्टिन्ड रायव्हल्स’पर्यंत सहा. ‘सुपर इलेक्ट्रिक ब्रेकर’ १८ ऑक्टोबर २०२४ला आला आणि ‘सर्जिंग स्पार्क्स’ ८ नोव्हेंबरला, फक्त तीन आठवड्यांत. २०२३ मध्ये ‘रूलर ऑफ द ब्लॅक फ्लेम’ (२८ जुलै) आणि ‘ऑब्सिडियन फ्लेम्स’ (११ ऑगस्ट) यांच्यात जेमतेम दोन आठवडे होते. त्याच वर्षी ‘१५१’ नावाचा (पहिल्या १५१ पोकेमॉनचा) जपानी सेट १६ जूनला आला, आणि इंग्रजीसाठी २२ सप्टेंबरपर्यंत ताटकळावं लागलं. चौदा आठवडे!

म्हणजे दोन ते चौदा. अशा अंदाजावर कोणी सुट्टी टाकू नये. मात्र एक गोष्ट पक्की धरायला हरकत नाही: अलीकडचे मोठे इंग्रजी सेट शुक्रवारी येतात. या उत्तरात वर दिलेली प्रत्येक तारीख शुक्रवारची आहे, तपासून बघा. कोणी “मंगळवारी येतोय” म्हणून छातीठोक सांगायला लागला, तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

एका जपानी सेटचा एक इंग्रजी सेट, असं सरळ असतं का?

नाही, आणि नवख्या मंडळींचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जपानी सेट लहान असतात आणि पटापट येतात. इंग्रजी सेट मोठे आणि कमी. त्यामुळे दोन-तीन जपानी सेट एकत्र करून एक इंग्रजी सेट बनतो. शिवाय आधीच्या सेटमधून जी कार्डं राहून गेली ती पुढच्यात घुसवतात, रात्रीच्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी करतात तशी.

‘सर्जिंग स्पार्क्स’ बघा. वरवर पाहता तो पिकाचूचा, म्हणजे ‘सुपर इलेक्ट्रिक ब्रेकर’चा सेट. पण त्यातली लॅटियास ईएक्स (‘ईएक्स’ म्हणजे जास्त ताकदीचं खास कार्ड) आणि अलोलाचा तो उंच मानेचा एक्झेग्यूटर ईएक्स ही कार्डं ‘पॅराडाइज ड्रॅगोना’ या वेगळ्या जपानी सेटमधली. ‘ट्वायलाइट मास्करेड’मध्येही ‘मास्क ऑफ चेंज’बरोबर ‘क्रिमझन हेज’ मिसळला होता. ब्लडमून उर्सालूना ईएक्स त्यातूनच आला.

यावरून युक्ती अशी: प्रत्येक इंग्रजी सेट आला की जपानी यादीत कुठलं कार्ड राहिलं त्यावर खूण करायची. उरलेली यादी म्हणजे पुढच्या सेटचा अर्धा पेपर फुटल्यासारखाच. गच्चीवर आमच्याकडे यासाठी एक शंभर पानी वही आहे. तिचा मुखपृष्ठाचा पुठ्ठा कधीच गेला, पण अजून एकही स्प्रेडशीट तिला हरवू शकलेली नाही.

डिसेंबर आला की सगळे इतके का पेटतात?

कारण जपानमध्ये वर्षाखेरीला ‘हाय क्लास’ पॅक येतं. नेहमीच्या जपानी पॅकमध्ये पाच कार्डं असतात, यात दहा, आणि वर्षभरातली गाजलेली कार्डं झगमगीत रूपात पुन्हा. ‘व्हीस्टार युनिव्हर्स’ २ डिसेंबर २०२२ला, ‘शायनी ट्रेझर’ १ डिसेंबर २०२३ला, ‘टेरास्टल फेस्ट’ ६ डिसेंबर २०२४ला. त्यांचे इंग्रजी अवतार पुढच्या जानेवारीत: ‘क्राउन झेनिथ’, ‘पाल्डियन फेट्स’, ‘प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स’. तीन वर्षं ओळीने तेच झालं, म्हणून चौथ्या वर्षी लोक जानेवारी धरूनच चालतात.

पण हा नियम ब्रह्मवाक्य नाही. ३ डिसेंबर २०२१ला जपानमध्ये ‘व्हीमॅक्स क्लायमॅक्स’ आला. त्याचा वेगळा इंग्रजी सेट जानेवारीत येणार, असं मीही दिवाळीच्या फराळावर सगळ्यांना ठासून सांगितलं होतं. आलाच नाही. त्यातली माणसं-पोकेमॉन एकत्र असलेली सुंदर कार्डं ‘ट्रेनर गॅलरी’ नावाने ‘ब्रिलियंट स्टार्स’पासून पुढच्या चार सेटमध्ये थोडी थोडी वाटून टाकली. या चुकीची किंमत मी मोजली. ती शेवटी सांगतो.

कार्डांच्या नंबरांवरून न दिसलेलं कार्ड ओळखतात म्हणे. ते कसं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांब आहे.

प्रत्येक कार्डाच्या खाली कोपऱ्यात क्रमांक असतो. तो वाटेल तसा दिलेला नसतो, त्याला क्रम असतो. तो क्रम कळला की दोन माहीत असलेल्या कार्डांच्या मधलं रिकामं घर भरता येतं. शब्दकोडं सोडवता ना, तसंच.

जुन्या बेस सेटपासून सुरुवात करू. त्यात एकूण १०२ कार्डं. पहिली सोळा चमकणारी दुर्मीळ कार्डं, इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने: १ला अलकाझाम, २रा ब्लास्टॉइज, ४था चारिझार्ड. समजा ३रं कार्ड कोणी पाहिलेलं नाही. ते नाव इंग्रजी ‘बी’मधल्या ब्लास्टॉइजच्या नंतर आणि ‘सी-एच-ए-आर’च्या आधी बसलं पाहिजे. पहिल्या १५१ पोकेमॉनची यादी काढा आणि त्या फटीत कोण बसतं ते शोधा. ब्लास्टॉइजनंतर बल्बासोर येतो, मग बटरफ्री, कॅटरपी, चान्सी. पहिले तिघं त्या सेटमध्ये चमकणारे असण्याची शक्यता कमी, कारण एक सुरुवातीचा स्टार्टर आणि दोन किडे-फुलपाखरं. म्हणजे चान्सी. आणि ३ क्रमांकावर चान्सीच आहे. पंचवीस वर्षांपूर्वी पॅक फोडणाऱ्या पोरांना हे कोणी शिकवलं नव्हतं. एकदा हातात दहा कार्डं आली की आपोआप कळायचं.

आताच्या सेटमध्ये वर्णमाला नाही, प्रकार चालतो. आधी गवताचे, मग आगीचे, पाण्याचे, विजेचे, मग सायकिक, फायटिंग, डार्कनेस, मेटल, ड्रॅगन, शेवटी कलरलेस, आणि त्यानंतर ट्रेनर (म्हणजे पोकेमॉन नसलेली, मदतीची) कार्डं. प्रकाराच्या आत पोकेडेक्सचा, म्हणजे पोकेमॉनच्या क्रमांकवार यादीचा, क्रम, आणि उत्क्रांतीचं कुटुंब सहसा एकत्र.

याची खरी गंमत ‘ऑब्सिडियन फ्लेम्स’मध्ये आहे. तिथे चारमँडर २६ क्रमांकावर, चारमेलियन २७वर. म्हणजे चारिझार्ड ईएक्स २८ असणार, हो ना? नाही. तो १२५ आहे. आगीचा ड्रॅगन डार्कनेसच्या घरात जाऊन बसला, कारण त्या सेटमध्ये ‘टेरा’ या, पोकेमॉनचा प्रकार बदलू शकणाऱ्या, रूपामुळे त्याचा रंगच बदलला होता. ज्याला कार्डाचं चित्र दिसलं नाही पण फक्त “चारिझार्ड ईएक्स, १२५/१९७” एवढं कळलं, त्याला तेवढ्यावरून ओळखता आलं असतं की हा आगीचा नाही. नंबर असा चुगली करतो.

१५१च्या सेटमध्ये मात्र कोड्याची मजाच घालवली. बल्बासोर १, पिकाचू २५, म्यू १५१, सरळ पोकेडेक्सप्रमाणे. पुढे १६५पर्यंत ट्रेनर, त्यानंतर छापील संख्येच्या पलीकडची लपलेली कार्डं. चारिझार्ड ईएक्सचं सगळ्यात मागणी असलेलं कार्ड १९९/१६५. अपूर्णांकात अंश छेदापेक्षा मोठा, हे बघून माझ्या पुतण्याने विचारलं होतं, “काका, हे गणित चुकलंय का?” चुकलेलं नाही बाळा, तिथेच कंपनीचा धंदा आहे.

सेटचं नाव जाहीर व्हायच्या आधीच लोकांना कसं कळतं?

ट्रेडमार्कवरून. जपानच्या पेटंट कार्यालयात नावांचे अर्ज येतात आणि ते लोकांना बघता येतात. हौशी मंडळी तिथे रोज चक्कर मारतात.

पण नाव म्हणजे फक्त नाव. अर्जात कार्डांची यादी नसते, आणि जपानी नावावरून इंग्रजी नाव ओळखता येत नाही. ‘टेरास्टल फेस्ट’चं ‘प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स’ होईल असं कोण म्हणालं असतं? रॉकेट टोळीच्या वैभवाचं ‘डेस्टिन्ड रायव्हल्स’ झालं. बारशाला आत्या भलतंच नाव ठेवून जाते तसं.

चारिझार्ड येणार का?

येणार.

(ऑगस्ट २०२३, सप्टेंबर २०२३, जानेवारी २०२४: तीन सेटमध्ये चारिझार्ड ईएक्स येऊन गेला. नोव्हेंबर २०२५च्या ‘फँटास्मल फ्लेम्स’मध्ये मेगा चारिझार्ड एक्स. तो कधी येणार नाही यावर पैज लावणारा माणूस मला भेटायचाय.)

व्हिडिओ गेमचा काही संबंध असतो का?

फार मोठा. कार्डांचा नवा अध्याय गेमच्या मागोमाग सुरू होतो. ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’ हे गेम १५ नोव्हेंबर २०१९ला आले, त्याच नावाचा इंग्रजी कार्डसेट ७ फेब्रुवारी २०२०ला. ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ १८ नोव्हेंबर २०२२ला, कार्डं ३१ मार्च २०२३ला. तेव्हा नव्या पिढीच्या गेमची तारीख हाती लागली की पुढचे तीन ते पाच महिने डोळे उघडे ठेवायचे.

२७ फेब्रुवारी २०२४ला ‘लेजंड्स झेड-ए’ या गेमची घोषणा झाली आणि चित्रफितीच्या शेवटी मेगा इव्होल्यूशनची (पोकेमॉनच्या तात्पुरत्या, जास्त ताकदवान रूपाची) खूण झळकली. कार्डवाल्यांनी त्याच रात्री मेगा कार्डं परतणार म्हणून डांगोरा पिटला. गेम आला १६ ऑक्टोबर २०२५ला, आणि इंग्रजी मेगा सेट त्याच्याही तीन आठवडे आधी. इथे अंदाज बरोबर निघाला, पण कार्ड कसं खेळेल याचा नाही. एक मेगा ईएक्स बाद झाला की समोरच्याला तीन प्राइझ कार्डं मिळतात, आणि डावात एकूण प्राइझ सहाच; आपली सगळी आधी उचलतो तो जिंकतो. दोन मेगा गेले की खेळ खल्लास. “मेगा आले, आता बाकीचे डेक (खेळायला लावलेले कार्डांचे गठ्ठे) कचऱ्यात” म्हणणाऱ्यांनी हे गणित धरलंच नव्हतं.

वर्धापनदिनाचा सेट असला की काय धरून चालायचं?

मागच्या दोन मोठ्या वर्षांकडे बघू. २०१६ला वीस वर्षं झाली तेव्हा फेब्रुवारीत ‘जनरेशन्स’ आला, जो सुट्या पॅकचा बॉक्स म्हणून मिळत नव्हता, खास डब्यांतूनच मिळायचा. नोव्हेंबरात ‘इव्होल्यूशन्स’, त्यात बेस सेटची जुनी चित्रं नव्या कार्डांवर. २०२१ला पंचवीस झाली तेव्हा ‘सेलिब्रेशन्स’: २५ नवी कार्डं, २५ जुन्या कार्डांची पुनर्छपाई, एका पॅकमध्ये फक्त चार कार्डं.

यातून मी दोन गोष्टी धरतो. जुनं चित्र पुन्हा छापणं हे जवळजवळ ठरलेलं, आणि विक्री डब्यांतून, सुट्या बूस्टर बॉक्समधून नाही. तिसरी गोष्ट मात्र आमच्या सगळ्या हिशेबावर पाणी ओतणारी आहे. ‘सेलिब्रेशन्स’ इंग्रजीत ८ ऑक्टोबर २०२१ला आला आणि जपानचा २५व्या वर्षाचा सेट २२ ऑक्टोबरला. इंग्रजी आधी, जपानी नंतर! म्हणून उत्सवी सेटला जपानचं पंचांग लावू नका.

रोटेशनमध्ये, म्हणजे जुनी कार्डं स्पर्धेतून बाद होतात तेव्हा, माझा डेक जाणार का, हे आधी कळतं का?

कळतं, आणि यात अंदाज लागतच नाही. कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटं अक्षर असतं. दर वर्षी एप्रिलच्या सुमारास सगळ्यात जुनं अक्षर ‘स्टँडर्ड’ या स्पर्धेच्या प्रकारातून बाद होतं: २०२३ला ‘डी’, २०२४ला ‘ई’, २०२५ला ‘एफ’. ‘एफ’ बरोबर लॉस्ट झोनचे डेक गेले आणि गच्चीवरच्या एकाने अक्षरशः सुतक पाळलं. जपानमध्ये हे जानेवारीतच होतं, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमधल्या जपानी स्पर्धांचे डेक बघितले की एप्रिलनंतर आपल्याकडे काय चालेल ते बऱ्यापैकी दिसतं.

अंदाज लागतो तो पुनर्छपाईचा. एखादं बाद होऊ घातलेलं कार्ड नव्या अक्षरासह पुन्हा छापलं, तर जुन्या प्रतीही चालतात. नव्या मालिकेच्या पहिल्या सेटमध्ये रोजच्या वापरातली कार्डं पुन्हा येतात, हा पायंडा आहे. ‘स्कार्लेट अँड व्हायोलेट’च्या पहिल्याच सेटमध्ये रेअर कँडी, अल्ट्रा बॉल, नेस्ट बॉल होतेच. त्यामुळे अल्ट्रा बॉल घाबरून विकू नका.

‘लीक’ झालेला फोटो खरा की खोटा, कसं ओळखायचं?

चित्राकडे बघू नका, ते कोणीही बनवतं. खालच्या बारीक अक्षरांकडे बघा. अक्षराची खूण आहे का, चित्रकाराचं नाव आहे का, सेटचा संकेत आहे का. रेझिस्टन्स, म्हणजे ठरावीक प्रकाराच्या हल्ल्याचं नुकसान कमी करणारा आकडा, उणे ३० हवा. सोर्ड-शील्डच्या काळापासून तो ३० आहे, त्याआधी २० होता, आणि खोटी कार्डं बनवणारे जुन्या साच्यावर काम करत असल्यामुळे इथे हमखास घसरतात. ईएक्स कसं लिहिलंय तेही बघा. हल्लीच्या कार्डांवर ते इंग्रजी छोट्या लिपीत असतं, २०१२ ते २०१६च्या काळातल्या कार्डांवर मोठ्या लिपीत होतं.

आणि फोटो अंधुक असेल, अंगठा नेमका नंबरावर असेल, तर समजून जा. खरं कार्ड हातात असलेला माणूस अंगठा तिथे ठेवत नाही.

खेळण्यांच्या दुकानात ‘पुढच्या सेटचं’ पॅक मिळतंय. घेऊ का?

नको. जो सेट जगात कुठेच आलेला नाही तो नाक्यावरच्या दुकानात कुठून येईल? आपल्याकडे नकली कार्डांचा सुळसुळाट आहे, त्यातल्या त्यात सोनेरी प्लास्टिकच्या कार्डांचा. पोरांना ती आवडतात, आणि माझी त्याला हरकत नाही; फक्त पैसे खेळण्याचे द्या, कार्डाचे देऊ नका. शंका आली तर कार्डामागे मोबाइलचा टॉर्च धरा. खऱ्या कार्डाच्या पोटात काळपट थर असतो, प्रकाश फारसा आरपार येत नाही. नकली कार्ड कंदिलासारखं उजळतं.

प्री-ऑर्डर करून ठेवू का? नंतर भाव वाढतील म्हणतात.

इथे मी जरा कडक बोलणार आहे.

जानेवारी २०२५च्या ‘प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स’ने सगळ्यांची डोकी फिरवली. ईव्ही आणि तिच्या आठही रूपांचा सेट, त्यात साठा अपुरा. एलिट ट्रेनर बॉक्स (पॅक आणि खेळाचं साहित्य असलेला डबा) बाजारात छापील किमतीच्या दुपटीहून जास्त भावाने जात होता. मग कंपनीने सांगितलं की आम्ही आणखी छापतोय. तोवर चढ्या भावाने माल भरून ठेवलेल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

ही कंपनी छापण्यात कंजूष नाही. मार्च २०२४ला संपलेल्या आर्थिक वर्षात तिने सुमारे १,१९० कोटी कार्डं छापली. एवढ्या छापखान्यासमोर “हे दुर्मीळ होणार” म्हणून पैज लावायची, तर आधी पुनर्छपाई होणार नाही याची खात्री हवी. ती कोणालाच नसते. ‘इव्हॉल्व्हिंग स्काइज’मधला चंद्राकडे झेपावणारा अंब्रियॉन आज सोन्याच्या मोलाचा आहे हे खरं, पण त्या एका कार्डाची गोष्ट सांगणारे बाकीच्या दोनशे कार्डांबद्दल गप्प असतात.

मी स्वतः एकदा एका दुकानाला आगाऊ पैसे देऊन बसलो. सेट आला, भाव वाढले, आणि दुकानदार म्हणाला, “साहेब, तुमचा माल कस्टममध्ये अडकलाय.” तीन महिन्यांनी पैसे परत मिळाले, बॉक्स नाही. कस्टम ड्यूटी, कुरिअर आणि डॉलरचा भाव, हे तीन भागीदार आपल्याकडच्या प्रत्येक प्री-ऑर्डरमध्ये न विचारता येऊन बसतात. खेळायला किंवा जमवायला एक बॉक्स हवा असेल तर छापील किमतीच्या आसपास घ्या. गुंतवणूक म्हणून दहा घेणार असाल, तर ती गाजराची पुंगी आहे. वाजली तर वाजली. आणि पुठ्ठा मोडून खाता येत नाही.

कुठलं कार्ड किती पॅकमध्ये एकदा निघतं?

कंपनी आकडे जाहीर करत नाही. जे फिरतात ते लोकांनी पॅक फोडून मोजलेले असतात, आणि सेट यायच्या आधी फोडायला पॅकच नसतं. म्हणून सेट येण्यापूर्वी कोणी टक्केवारी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या.

‘पॉकेट’ या पोकेमॉन कार्डांच्या मोबाइलवरच्या खेळाला हेच अंदाज लागू पडतात का?

नाही. ‘पॉकेट’ ३० ऑक्टोबर २०२४ला आलं, त्याचे सेट वेगळे, डेक साठऐवजी वीस कार्डांचा, आणि सगळ्या भाषांत एकाच वेळी येत असल्यामुळे जपानची चोरून बघितलेली उत्तरपत्रिका तिथे कामाची नाही. तिथे खरोखरच अंदाज बांधावा लागतो. म्हणूनच आमच्या गच्चीवर तो विषय पाच मिनिटांत संपतो.

तुम्ही स्वतः पुढच्या सेटचा अंदाज कसा लिहून ठेवता?

वहीच्या एका पानावर तीन रकाने. पहिल्यात ‘जपानमध्ये आलेलं, इंग्रजीत राहिलेलं’. हे जवळजवळ नक्की. दुसऱ्यात ‘पायंड्यावरून’: शुक्रवार, जानेवारी, पुनर्छपाई वगैरे. तिसऱ्यात ‘मला वाटतं’. तिसरा रकाना सगळ्यात लांब असतो, आणि सेट आल्यावर त्यातलंच सगळ्यात जास्त खोडावं लागतं. पण रविवारी वाद होतो तो त्याच रकान्यावर. पहिल्या रकान्यावर कोण भांडणार?

आणि अंदाज चुकला तर?

ज्याचा चुकला त्याच्याकडून सगळ्यांना मिसळ. ‘व्हीमॅक्स क्लायमॅक्स’च्या वेळी जानेवारी २०२२ संपला, इंग्रजी सेटचा पत्ता नाही, आणि मला आठ प्लेट मिसळ नि सोळा जादा पाव आणावे लागले. एकाने तर्रीचे दोन थेंब वहीच्या त्याच पानावर सांडले. डाग अजून आहे, अगदी माझ्या तिसऱ्या रकान्यावर.